दुसरं पाकीट

इस्त्रीच्या दुकानातल्या काकांना सगळे 'कडक काका' म्हणत. दवाखान्याची पायरी चढायची नाही, हा त्यांचा बाणा. पन्नाशी उलटलेल्यांना आरोग्य केंद्राकडून आतड्याच्या कॅन्सरच्या तपासणीचं पाकीट घरी येऊ लागलं. शौचाचा थोडा नमुना नळीत भरून परत पाठवायचा, एवढंच काम. काकांनी पाकीट सरळ कचऱ्यात टाकलं. "असली घाण कोणी पोस्टाने पाठवतं का?"

काही दिवसांनी दुसरं पाकीट आलं, पाठोपाठ केंद्रातल्या नर्सचा फोन. "काका, तुमचा नमुना राहिलाय. लाजू नका, गल्लीतल्या बऱ्याच जणांनी पाठवलेत."

काकांनी काकूंकडे पाहिलं.

"मी माझा कधीच पाठवला," काकू म्हणाल्या. "तुम्हाला विचारत बसले असते तर झालंच!"

काकांचा नाइलाज झाला, त्यांनीही नमुना पाठवला. नमुन्यात रक्त सापडलं. दुर्बिणीने पाहिल्यावर आतड्यात एक गाठ दिसली. तिचा अजून कॅन्सर झाला नव्हता, म्हणून डॉक्टरांनी ती तिथल्या तिथे काढून टाकली.

घरी येताना काका काकूंना म्हणाले, "मला काहीच दुखत नव्हतं गं. कोणी मागे लागलं नसतं, तर मी गेलोच नसतो."

"मागे तर मी लग्नापासून लागलेय," काकू म्हणाल्या, आणि डोळे पुसत दोघंही हसले.