अळूच्या वाटणीची बादली

पान ताठ उभं राहतं ते आतल्या पाण्याच्या जोरावर. हे मला कुणी शिकवलं नाही. आधी कारल्याने शिकवलं, मग लेकीच्या शाळेच्या पुस्तकात मी शोधून काढलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही के. आर. पुरमला भाड्याने राहायचो. उन्हाळ्यात बोअर आटली की खाली राहणाऱ्या घरमालकीणबाई, ज्यांना आम्ही अक्का म्हणायचो, माणशी एक बादली मोजून द्यायच्या. झाडांना थेंब नाही, हा त्यांचा हुकूम. पण गच्चीत, तेलाच्या डब्यात माझा अळू होता. बेळगावकडचं माहेरचं घर विकलं तेव्हा परसातला तेवढा एक कंद मी उचलून आणला होता. दुसरं काही मागितलं नाही. त्याला मरू देणार होते की काय मी? तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं पाणी त्याला. घरात ताकीदच होती, स्वयंपाकघरातलं पाणी मोरीत ओतायचं नाही.

त्या दिवशी काचऱ्या वाळवायच्या म्हणून ढीगभर कारली चिरली, मुठीमुठीने मीठ चोळलं. थोड्या वेळाने बघावं तर कडक फोडी लुळ्या, आणि पातेल्यात पाणीच पाणी. फोडी पिळल्या, पातेलं कट्ट्यावर ठेवलं आणि काचऱ्या पसरायला गेले. नेमकी तेव्हाच आमच्या यांना कामाची हौस आली.

दुपारी अळूची पानं डब्याच्या कडेवरून लोंबत होती. माती मात्र ओलीचिंब.

"पाणी जास्त झालं बहुतेक," हे म्हणाले. "मी पातेलंभर घातलं ना."

"कुठलं पातेलं?"

"कट्ट्यावरचं. तूच म्हणतेस, फेकू नका!"

मी कपाळावर हात मारला. तोवर अक्का वर आल्या. पान चिमटीत धरून म्हणाल्या, "मुळं कुजली हो. उपटून टाका, सरी? स्वल्प जागा तरी होईल." त्यांच्या कानडीत 'सरी' म्हणजे 'बरं'.

"कुजली नाहीत. तहानलीत."

"ओल्या मातीत तहान?" हे हसले.

"हसा! मिठाने कारल्यातलं पाणी बाहेर ओढलं ना? आता तेच मीठ मुळांतलं ओढतंय. साध्या पाण्याने मीठ धुऊन काढलं की मुळं परत प्यायला लागतील."

पुस्तकात पुढे हेच सापडलं. पानात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पिशव्या असतात. पाण्याने टच्च भरल्या की पान ताठ, पाणी बाहेर गेलं की लुळं.

"पाणी मी देणार नाही," अक्का म्हणाल्या.

"मागतंय कोण? माझी अंघोळीची बादली अजून भरलेली आहे. अंगावर ओतेन, नाहीतर अळूवर."

"आणि संध्याकाळी देवापुढे दिवा?" हे घाबरून म्हणाले.

"तुम्ही लावा. काडेपेटी फडताळात आहे."

डब्याच्या तळाला भोकं होती. तांब्या तांब्याने ओतत गेले. खालून आलेलं पाणी बोटावर घेतलं आणि जिभेला लावलं.

"अय्यो! माती चाटताय?"

"खारट आहे अजून."

आणखी ओतलं, पुन्हा चाखलं. हे तोंड फिरवून उभे. बादलीच्या तळाशी आले तेव्हा कुठे नुसती मातीची चव लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या पानांच्या कडा करपलेल्याच होत्या. ती गेली ती गेलीच. पण मधलं कोवळं, गुंडाळलेलं पान सुरळीसारखं सरळ उभं! अक्कांनी देठ दाबून बघितला. दबेना.

"सरी," त्या पुटपुटल्या.

"सरी म्हणून भागायचं नाही, अक्का. उद्यापासून माणसं मोजताना याला धरा."

"झाडाला?"

"धरायचं नसेल तर नका धरू. मी रोज अशीच बिनअंघोळीची तुमच्या दारावरून जाईन."

अक्कांनी नाकाला पदर लावला आणि खाली गेल्या. संध्याकाळी जिन्यात आमच्या बादल्यांशेजारी एक तांब्या जास्तीचा भरून ठेवलेला होता. मी तो उचलला आणि सरळ गच्चीत गेले.