कोऱ्या जागेतली बोटं

मी नांदेडच्या एका शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेल्या वेळात कागदावर अमूर्त चित्रं काढतो. आमच्याकडं चित्रकार म्हणजे पाट्या रंगवणारा, नाही तर स्नेहसंमेलनाचा पडदा रंगवणारा. माझी चित्रं बघून शेजारी विचारतात, ब्रश पुसायचा कागद भिंतीला का लावलाय? मी मनातल्या मनात चरफडतो. गाढवापुढं गीता कोण वाचणार!

फ्लॅट लहान, म्हणून मोठे कागद मी अर्धापूरला आई-बाबांच्या घरी जाऊन रंगवायचो. मागच्या खोलीत कागद भिजवून फळीवर ताणायचा, कडा चिकटपट्टीनं बंद करायच्या आणि पातळ रंगाचे थर एकावर एक वाळवत जायचं. शेवटच्या चित्रात राखाडी-हिरवे थर होते आणि मध्ये वीतभर जागा मी कोरीच ठेवली होती. बाबा माझं काम दारातूनच बघायचे. हात केळीच्या चिकानं भरलेले असत, म्हणून आत येत नसत. एकदाच त्यांनी विचारलं होतं, "ह्यात काय हाय?" मी म्हटलं, काही नाही. ते हसले आणि बागेत गेले.

त्या दिवशी केळीचे घड उतरवायचं काम होतं. बाबा दुपारी बागेतून आले, ओसरीवर आडवे झाले आणि उठलेच नाहीत. मी शाळेत होतो.

दहाव्याला आमच्या रीतीप्रमाणं, जीव गेला त्या जागी पीठ चाळून पसरलं, शेजारी दिवा ठेवला, पिठावर टोपलं झाकलं. सकाळी टोपलं उचलून पिठात काय उमटलं ते बघायचं: पाखराचा पाय, गाईचं खूर, लेकराचं पाऊल. त्यावरून माणूस कुठल्या जन्माला गेला ते कळतं म्हणतात. आमच्या पिठात काहीच नव्हतं. चाळलं तसं सपाट. भावकीतल्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. तेव्हापासून आईनं जेवण सोडल्यातच जमा होतं. तिचं एकच पालुपद, ते गेलेच नाहीत, कुठंतरी अडकलेत. समजूत घालून घालून मी थकलो.

मग तिला नांदेडला आणलं, सोबत चित्रही आणलं. गुंडाळलेलं प्लास्टिक सोडून भिंतीला टेकवलं, तर कोऱ्या जागेत एक फिकट तपकिरी डाग. तो मी सोडलेला नव्हता. काही दिवसांत तो लांबला, शेजारी दुसरा आला, मग तिसरा. बायको म्हणाली, हे आधी नव्हतं. शाळेतून आलो की मी आधी तिकडं बघायचो. चौथा डाग उमटला तो अर्धाच. बाबांची करंगळी कोयत्यानं अर्धी तुटलेली होती.

हा चीक आहे, हे मला कळत होतं. केळीच्या बागेतच वाढलोय मी. ताजा चीक पाण्यासारखा असतो, दिसत नाही, मागाहून हवा-उजेडानं काळा पडतो आणि धुऊन जात नाही. पण जन्मभर उंबऱ्याबाहेर थांबलेला माणूस त्याच दुपारी आत का गेला, आणि नेमक्या कोऱ्या जागेवर बोटं का टेकवली?

आई घाबरली नाही. कितीतरी वेळ त्या अर्ध्या करंगळीकडं बघत बसली.

"पिठात न्हाई आले, हितं येऊन राहिलेत," ती म्हणाली. "अंगठा आला की सुटतील."

त्या दिवशी ती पोटभर जेवली. आता रोज अंघोळ करून चित्रासमोर बसते. हे चित्र एका प्रदर्शनाला पाठवायचं होतं, त्याची मुदत निघून गेली, मी विषयही काढला नाही. मला अंगठा यायला नको आहे. बोटं अर्धवट आहेत तोवर बाबा घरात आहेत, इतका साधा स्वार्थ आहे माझा.

आज सकाळी आई अंघोळीला गेली असताना जवळ जाऊन बघितलं. बोटांच्या खाली, एका अंगाला, कागद किंचित पिवळा पडलाय. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

न्हाणीतून आईनं विचारलं, "आला का रे?"

मी नाही म्हणालो.