दक्षिणेकडचं आकाश आणि ओवीची झोप

हे खरं तर मी सांगणारच नव्हते. पण मंदारनं तुम्हाला अर्धवट सांगितलेलं दिसतंय, आणि नवऱ्यानं सांगितलेल्या गोष्टीत बायको नेहमी जरा जास्तच वेडी असते, तेव्हा माझ्याकडूनच ऐका. चहा घ्या आणखी. हसायला हरकत नाही, फक्त कपातला चहा सांभाळून!

तर त्या वर्षी मी, इंजिनिअरिंगची डिग्री असलेली शहाणी बाई, डेट्रॉइटजवळच्या आमच्या नोव्हाय गावात मुलीसाठी डे-केअर शोधत होते, आणि प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न विचारत होते, ‘खिडकी कुठल्या दिशेला आहे?’

वास्तुशास्त्र? छे हो. वास्तुशास्त्र परवडलं असतं. माझं प्रकरण थेट आकाशातलं होतं.

सुरुवात झाली ओवीपासून. ओवी म्हणजे आमची लेक, तेव्हा जेमतेम चार महिन्यांची. ती दिवसा झोपत नसे. मांडीवर नाही, पाळण्यात नाही, खांद्यावर नाही. झोळी बांधावी तर अपार्टमेंटला आढं नाही. लायब्ररीतून बाळांच्या झोपेवरची पुस्तकं आणली. एकात लिहिलं होतं, रडू द्या. दुसऱ्यात लिहिलं होतं, अजिबात रडू देऊ नका. मी दोन्ही मन लावून वाचली आणि ओवीबरोबर मीही रडले.

त्यात मंदारच्या ऑफिसात कुणीतरी नवा सॅटेलाइट रेडिओ घेतला आणि जुना याला देऊन टाकला. मंदार गाड्यांच्या वायरिंगमधला इंजिनिअर. त्यानं एक काळी डबी आमच्या गाडीच्या डॅशबोर्डवर बसवली, तिची वायर दारातून बाहेर काढली आणि टोकाचा ॲंटेना गाडीच्या छपरावर चिकटवला. चपटा, काळा, पेढ्याएवढा, खाली मॅग्नेट.

“आता अख्ख्या अमेरिकेत कुठेही जा, एकच स्टेशन!” तो म्हणाला.

मला अख्ख्या अमेरिकेत कुठे जायचं होतं? मला किराणा आणायला जायचं होतं.

पण त्या दिवशी ओवीला मागच्या सीटवर घालून किराण्याला निघाले आणि बटणं दाबता दाबता एक चॅनेल लागलं. नुसता पियानो. निवेदक नाही, जाहिरात नाही, ‘श्रोतेहो’ नाही. एक सूर पडायचा, तो विरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. बाहेर बर्फ पडून गेलेलं. शेतं होती तिथे नवी घरं उठत होती, पण बर्फानं ती शेतं आणि ती घरं एकाच दुलईत घेतली होती. गोठलेल्या तळ्यावर एक माणूस खुर्ची टाकून मासे धरत बसला होता, इतका स्थिर, की त्यालाही कुणीतरी थोपटून झोपवलं असावं. मला वाटलं, आकाशात फार वर, जिथून हे सगळं पांढरंच दिसत असेल, तिथे कुणीतरी एकटं बसलंय आणि फक्त आपल्या गाडीसाठी वाजवतंय.

आणि मग लक्षात आलं, मागून आवाज येत नाहीये.

ओवी झोपली होती!

त्या रस्त्यावर मी किती वेळ पुढे गेले, मलाच माहीत नाही. किराणा राहिला. कित्येक महिन्यांनी माझ्या डोक्यात माझा स्वतःचा असा एक विचार आला. काय होता, ते आता आठवत नाही, पण फार सुंदर होता एवढं नक्की.

परतताना फ्रीवेच्या पुलाखाली लाल दिवा लागला. थांबले. आणि पियानो गप्प! डबीवर अक्षरं आली, सिग्नल नाही. “अरे देवा, आत्ताच?” म्हणून मी डबीला दोन चापट्या मारल्या. आणि मागून ओवीनं भोकाड पसरलं.

झालं. सिद्धांत तयार. संगीत चालू, ओवी झोपते. संगीत बंद, ओवी उठते. इंजिनिअर ना मी! पुढचे कित्येक दिवस पडताळा घेतला. पूल आला, रेडिओ बंद, ओवी जागी. पेट्रोल पंपाचं छप्पर, रेडिओ बंद, ओवी जागी. बँकेच्या ड्राइव्ह-थ्रूचं छप्पर, तेच. तुम्हीच सांगा, आणखी काय पुरावा हवा?

मग मी पूल नसलेले रस्ते शोधले. उघडे, सपाट, तळ्यांच्या कडेनं जाणारे. रोज दुपारी आम्ही निघायचो. त्या दुपारी अजून कधी कधी स्वप्नात येतात. पांढरं आकाश, काळ्या फांद्या, वर पियानो, मागे तिचा श्वास, आणि मी कुठेही न पोचण्यासाठी गाडी चालवते आहे. मला वाटायचं, असंच जात राहावं, जग गोल आहे, घर येईलच कधीतरी.

आणि मग मेपलना पालवी फुटली.

मंदारनं समजावलं, “पानांत पाणी असतं. सिग्नल अडतो.” जो रस्ता जानेवारीत गात होता, तो मे महिन्यात धड दोन सूर लागू देईना. लोक कॅमेरे घेऊन फुलं बघत हिंडत होते. वसंत ऋतू आला म्हणून रडकुंडीला आलेली अख्ख्या मिशिगनमध्ये मी एकटीच!

शेवटी रेडिओवाल्यांच्या कस्टमर केअरला फोन लावला. पलीकडे अतिशय गोड आवाजाची मुलगी.

“मॅम, तुम्हाला दक्षिणेकडचं आकाश मोकळं दिसतंय का?”

इतक्या मायेनं मला महिनोन्‌महिने कुणी काही विचारलं नव्हतं. मी खिडकीपाशी गेले, नीट पाहिलं आणि म्हणाले, “ढग आहेत हो.”

“ढग चालतात, मॅम. झाडं चालत नाहीत.”

म्हणजे सॅटेलाइट दक्षिणेला! दक्षिणेकडे पाय करून झोपायचं नाही हे आयुष्यभर ऐकलेलं, आणि आमच्या पोरीची झोप नेमकी तिथूनच यायची होती.

मंदार म्हणाला, ॲंटेना उंच करू. आमच्या गाडीवर सामानाची प्लास्टिकची मोठी पेटी बसवलेली होती, आदल्या उन्हाळ्याच्या ट्रिपची. काढायचा कंटाळा म्हणून तशीच राहिलेली. तिच्यावर बसवू म्हणाला. पण प्लास्टिकला मॅग्नेट चिकटेना.

“एखादं पत्र्याचं काहीतरी दे.”

“पत्र्याचं काय देऊ? कढई देऊ?”

“सपाट हवं गं. ताट नाही का?”

स्टीलचं ताट दिलं. मंदारनं ते पालथं घालून पेटीवर टेपनं पक्कं केलं आणि त्यावर तो काळा पेढा ठेवला. पालथं घातल्यामुळे मागची कोरलेली अक्षरं वर आली, ‘चि. सौ. कां. मृण्मयी हिस मामा-मामींकडून सप्रेम.’ तशी मी नोव्हायभर हिंडत होते. सॅटेलाइटला मराठी येत असतं तर माझ्या मामांचा काय आदर वाटला असता!

फायदा? शून्य. पुलाखाली ताट नेलं काय आणि कढई नेली काय, पूल तो पूलच.

इथवर नुसता वेडेपणा होता. पण जूनमध्ये माझी वाढवून वाढवून घेतलेली रजा संपत होती, आणि ओवीला डे-केअरमध्ये ठेवायचं होतं. आणि डे-केअरला चाकं नसतात! मग मी शोधून काढलं, की रेडिओचा घरात ठेवायचाही सेट मिळतो. खिडकीत ॲंटेना ठेवायचा. मात्र खिडकी दक्षिणेची हवी.

पहिल्या ठिकाणच्या बाई फार प्रेमळ होत्या.

“खिडकी कुठल्या दिशेला आहे?” मी.

“तळ्याच्या! बदकं दिसतात.”

“हो, पण तळं कुठल्या दिशेला आहे?”

त्यांनी आधी तळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खिडकी उत्तरेची निघाली. मी नाही म्हटलं. दुसरं ठिकाण तळघरात होतं, तिथे तर मी गाडीतून उतरलेसुद्धा नाही.

रात्री जेवताना मंदारला सांगून टाकलं, “मी राजीनामा देते.”

“रेडिओसाठी?”

“ओवीसाठी! ती झोपणार नाही रे तिथे. दिवसभर रडेल. आणि त्या बायकांना कळणारही नाही का ते.”

मला नोकरी किती हवी होती, ते त्याला माहीत होतं. मलाही होतं. राजीनाम्याची मेल लिहून ठेवलेली होती, फक्त पाठवायची होती.

त्याच आठवड्यात शैलाकाकूंचा फोन आला. काकू म्हणजे आमच्या मंडळातल्या ज्येष्ठ. आम्ही जन्मायच्या आधी अमेरिकेत आलेल्या. आयुष्यभर हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होत्या, आता निवृत्त. त्यांची गाडी गॅरेजमध्ये होती, त्यांना दाताच्या डॉक्टरकडून घरी सोडायचं होतं.

गाडीत बसण्याआधी त्यांनी मान वर केली.

“काय गं मृण्मयी, वर कुणाला जेवायला वाढलंयस?”

मी सगळं सांगितलं. सिद्धांत, सॅटेलाइट, दक्षिण, राजीनामा. काकू “बरं” म्हणाल्या आणि मागे ओवीच्या शेजारी जाऊन बसल्या. लहान बाळाची सीट उलटी असते ना, तोंड मागच्या काचेकडे. मला पुढून फक्त तिचं टोपडं दिसायचं. काकूंना ती समोरासमोर.

पियानो सुरू झाला. दोन वळणांत ओवी गाढ. काकूंच्या घराच्या वाटेवर नेमका तो पूल, आणि पुलाखाली नेमका लाल दिवा. रेडिओ गप्प.

“अरे देवा, गेला! गेला परत!” मी डबीला चापटी मारली, सीटवरून अर्धी मागे वळले आणि विचारलं, “ओवी? झोपलीयस ना गं राणी?”

ओवीनं भोकाड पसरलं.

“बघितलंत काकू? बघितलंत?”

“बघितलं,” काकू म्हणाल्या. “जरा फिरून ये आणि पुन्हा याच पुलाखालून चल.”

“अहो पण तुमचं घर—”

“घर कुठे पळत नाही.”

फिरले. ओवी पुन्हा झोपली. पूल जवळ आला तसा काकूंनी मागून हात पुढे केला. हातात खडीसाखरेचा भलामोठा खडा.

“तोंडात धर. चावायचा नाही. विरघळेपर्यंत तोंड उघडायचं नाही, मागे वळायचं नाही, आणि हात स्टिअरिंगवर.”

काकूंच्या आवाजात असं काहीतरी होतं, की आता त्या आकडे उलटे मोजायला सांगतील असं वाटलं. मी खडा तोंडात धरला.

पूल आला. लाल दिवा. रेडिओ गप्प.

मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले. जिभेवर साखर, कानात काहीच नाही. वरून ट्रक गेला, पूल हलकेच घुमला. मागे काही नाही. दिवा हिरवा झाला, आम्ही उन्हात आलो, पियानो परत आला. मागे काही नाही. मेपलची रांग आली, पियानो तुटला, जुळला, तुटला. मागे काही नाही.

मग काकू पुढे वाकल्या आणि त्यांनी रेडिओ बंदच करून टाकला.

मी आरशात पाहिलं. खडा तोंडात होता म्हणून, नाहीतर किंचाळलेच असते. गाडीत फक्त टायरचा आवाज राहिला, आणि पानांची सावली काचेवरून सरसर सरकत होती, हिरवी, सोनेरी, हिरवी. त्या झाडांचा मी महिनाभर राग राग केला होता. किती सुंदर होती! आणि त्या शांततेत ओवीचा श्वास, नाकातून हलकीशी शिटी वाजवत, आपल्या आपण चाललेला.

“पहिल्या वेळी गाणं बंद पडलं तेव्हा तिची पापणीसुद्धा हलली नाही,” काकू हळूच म्हणाल्या. “तू ‘अरे देवा’ म्हटलंस तेव्हा तिनं डोळे उघडले. चापटीला दचकली. आणि झोपलीयस ना, असं तू विचारलंस, तेव्हा बिचारीनं उत्तर दिलं.”

मी गप्प. खडा होता ना तोंडात.

“माझं सगळं आयुष्य यात गेलं गं. पेशंट छान झोपतो. आजूबाजूची माणसंच ओरडतात.”

काकूंच्या दारात पोचलो तरी ओवी झोपलेलीच. मी घरी गेले, मेल पुसून टाकली, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं त्या बदकवाल्या बाईंकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी दिशेविषयी एक शब्द काढला नाही. भल्या बाई!

जूनमध्ये ओवी तिथे जायला लागली. पहिल्या दिवशी मी ऑफिसात बसले, कॉम्प्युटर सुरू केला, अगदी शांत होते. खरंच सांगते, शांत होते. बाहेर ऊन होतं, ढग तरंगत होते, आणि मला वाटलं, बघ, किती सोपं असतं सगळं. आपण गप्प बसलो की मुलं झोपतात.

फक्त खात्री करावी, म्हणून दुपारी डे-केअरला एक फोन लावला.

बराच वेळ वाजल्यावर बाईंनी उचलला. मी अगदी हळू, कुजबुजत विचारलं, “ओवी झोपली का?”

पलीकडून आधी मला ओळखीचं भोकाड ऐकू आलं. मग बाईंचा थकलेला आवाज आला.

“झोपली होती हो. आत्ता फोन वाजेपर्यंत.”