गुरुजींचा निरोप

हे मी घरीही कधी बोललो नाही. गुरुजींच्या मुलाशी मी खोटं बोललो होतो.

मी वर्ध्याकडच्या एका हॉस्पिटलात मेडिकल सोशल वर्कर आहे. पोलीस केस असली की पोस्टमॉर्टम होतंच, घरच्यांना कोणी विचारत नाही. पण मरणाचं कारण कळावं म्हणून डॉक्टर जे शवविच्छेदन सुचवतात, त्याला घरच्यांची संमती लागते. त्यासाठी घरच्यांना समजावणं, म्हणजे 'फॅमिली एज्युकेशन', माझं काम.

त्याच कामासाठी सिंदी मेघेच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात भाषण द्यायला गेलो. वाटलं, म्हातारी माणसं बिचकतील. ती चिवडा खात होती.

"शिवून देता का तसंच?" एका आजोबांनी विचारलं.

"शिवून देतो. चेहरा जसाच्या तसा."

"मंग काय! जित्तेपनी तीनदा ऑपरेशन केलं, तवा कोनी एवढी गॅरंटी नाई देली."

रिटायर्ड हेडमास्तर गुरुजी शेवटी थांबले. "माहे दोन भाऊ बसल्या बसल्या गेले. मी गेलो का मले खोलून पाहा. पोराईले कळलं पाह्यजे, आपल्या घरात काय बिमारी हाय ते. पन ते लोकाईले भेतीन. तुमी सांगजा."

"सांगतो, गुरुजी."

दोन महिन्यांनी गुरुजी आमच्याच वॉर्डात भरती झाले. तिसऱ्या दिवशी अचानक गेले. डॉक्टर म्हणाले, "कारण समजत नाही. संमती मिळते का बघा."

थोरला मुलगा, बँकेत क्लार्क, कॉरिडॉरमध्ये उभा होता. "सर, काका-मामा म्हनून राह्यले, बापाले चिरू नोको. बाबा तुमच्या भाषनाले आलते ना? काई बोललेते काय?"

हो म्हटलं की काका, मामा, आत्या, सगळ्यांना समजावणं आलं. दोन तास सहज. आणि अर्ध्या तासात मला सभागृहात भाषण होतं. विषय, 'शवविच्छेदन : गैरसमज आणि जनजागृती'. प्रमुख पाहुणे येऊन बसले होते.

"नाही," मी म्हणालो. "तसं काही बोलले नाहीत."

"सुटलो, सर."

मी वेळेवर पोचलो. 'घरच्यांनी वडीलधाऱ्यांची इच्छा ऐकावी' या वाक्याला टाळ्या पडल्या. शाल मिळाली, नारळ मिळाला. दुसऱ्या दिवशी रजिस्टरमध्ये लिहिलं : समुपदेशन केले, नातेवाइकांचा नकार.

परवा तोच मुलगा ओपीडीत आला, तेव्हा मी तिथेच होतो. बसल्या बसल्या धडधडतं, चक्कर येते. डॉक्टरांनी विचारलं, "वडील कशाने गेले?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "कोनाले मालूम? बाबाची इच्छाच नव्हती. हो ना, सर?"

मी केसपेपर सरळ करत राहिलो.

इतक्या वर्षांत एवढं कळलं : म्हातारी माणसं शवविच्छेदनाला भीत नाहीत. त्यांचा निरोप ज्याच्याकडे असतो, त्याला घाई असते.

गुरुजी हो म्हणाले होते. हे त्या मुलाला सांगायचं अजून बाकी आहे.