शेवटची ओळ आधी वाचणारे फादर

फादर कुठलाही मजकूर तळापासून वाचायचे. लग्नपत्रिका हातात दिली की वधूवर राहिले बाजूला, आधी निमंत्रक कोण ते बघणार. वर्तमानपत्रातली श्रद्धांजली असो की ऑफिसातलं सर्क्युलर, बोट थेट खाली. मी कंपनीत नवीन होते, मला वाटलं माणूस जरा सटकलेला आहे. "गेला कोण ते सगळेच वाचतात, बाय," ते म्हणाले, "त्याच्यासाठी उभं कोण राहिलं ते बघावं."

तसे ते फादर नव्हतेच. वसईचे. तरुणपणी सेमिनरीत होते, धर्मगुरू व्हायच्या आधीच बाहेर पडले आणि पुढे लग्नही केलं नाही. आखातात, मुसफ्फातल्या आमच्या लेबर कॅम्पचे ते कॅम्प बॉस. खोल्या, पाणी, मेस, मारामाऱ्या, सगळं त्यांच्या गळ्यात. मी पर्चेसमध्ये, त्यामुळे गाद्यांपासून बल्बपर्यंत आमची रोज हुज्जत. एकदा खलिफा सिटीत आमच्याकडे जेवायला आले, तर लेकीने तोंडावरच विचारलं, "मॉम, इज ही अ रिअल फादर?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "हाफ कुक्ड," फादर म्हणाले आणि त्यांनी पुन्हा वरण वाढून घेतलं.

सेमिनरीतून त्यांनी एकच गोष्ट बरोबर आणली होती, लॅटिन. आणि ते वापरायचे कशाला, तर रोमन सैन्याच्या छावण्यांबाहेर सापडलेले थडग्यांचे जुने दगड वाचायला. इंटरनेटवरचे फोटो ऑफिसच्या प्रिंटरवर छापायचे आणि माझा टोनर संपवायचे. सेनापतींचे दगड त्यांना नको असत. छावणीच्या भिंतीला लागून जी वस्ती उभी राहायची, तिथले दारूवाले, चांभार, व्यापारी, सुटका झालेले गुलाम, त्यांचे दगड हवेत. साध्या सैनिकाला म्हणे लग्नाची परवानगी नसे. "आणि इथे बघ, चक्क पत्नी म्हणून कोरलंय. कायदा छावणीच्या आत, संसार बाहेर." मला शाळेपासून इतिहासाचा कंटाळा, पण हे ऐकताना माझा चहा गार व्हायचा.

पुष्कळ दगडांचा साचा सारखाच. मेलेल्याचं नाव, गाव, धंदा, किती वर्षं जगला, आणि तळाशी, दगड कोणी करवून घेतला. "फाचिएन्दुम कुराविट," फादर चवीचवीने म्हणायचे. करवून घेतलं. कधी बायकोने, कधी मोकळ्या केलेल्या गुलामाने, कधी नुसत्या एका तंबूत राहणाऱ्या सोबत्याने.

"म्हणजे रूम पार्टनरने," मी म्हटलं. यावर ते इतके खूश झाले की त्या महिन्यात गाद्यांवरून भांडलेच नाहीत.

संध्याकाळी ते मला कॅम्पच्या गेटबाहेर न्यायचे. तिथे तीन गाळे होते, दर्जी, न्हावी आणि चहावाला. "ही आपली वस्ती," फादर सांगायचे. दर्ज्याला सगळे मास्टरजी म्हणत. ते बिहारकडचे, कामगारांच्या निळ्या कव्हरऑलवर पिवळ्या धाग्याने नावं भरायचे. फादर स्टूल ओढून त्या तिघांना दगड हिंदीतून वाचून दाखवत. मास्टरजी मशीन थांबवून ऐकत आणि दर वेळी एकच विचारत, "लिखवाया किसने?"

एकदा मी थट्टेत म्हटलं, "फादर, तुमच्या दगडावर काय कोरायचं?"

"वरचं कोणीही कोरेल," ते म्हणाले. "सेमिनरी सोडली त्या दिवसापासून भाऊ माझ्याशी बोलत नाही. शेवटची ओळ रिकामीच राहायची, बाय."

हे ते हसतच म्हणाले. मरणाचं त्यांना काही वाटत नव्हतं. आपल्यासाठी कोणी उभं राहणार नाही, ही एकच भीती त्या माणसाच्या पोटात होती.

दोन हजार आठ सरता सरता दुबईत काम थांबलं, मग आमच्याकडेही. प्रोजेक्ट एकेक करून होल्डवर गेले. कामगारांच्या बसेस साइटऐवजी विमानतळाकडे जाऊ लागल्या. कॅम्प बंद करायचं ठरलं आणि फादरांचा व्हिसाही खलास. "छावणी हलली की वस्ती मरते," ते म्हणाले. स्वतःसाठी नोकरी बघायची सोडून हा गृहस्थ दुसऱ्या कॅम्प बॉसना फोन लावत बसला, "हबीबी, तुझ्या गेटबाहेर दर्जी आहे का?" मला त्यांचा रागच आला होता. तिघांची सोय लागली तेव्हाच त्यांनी स्वतःची बॅग भरायला घेतली.

निघायच्या दिवशी मास्टरजींनी त्यांच्या हातात निळ्या कापडाची एक घडी ठेवली. कव्हरऑलचंच कापड, त्यावर पिवळ्या धाग्याने भरलेलं, 'फादर साहब. गाँव वसई. काम कैंप बॉस. जिए', मग थोडी मोकळी जागा, 'साल. दर्जी, नाई और चायवाले ने बनवाया.'

मी हबकलेच. भल्या माणसाने जिवंत माणसाचा मृत्युलेख भरला होता! फादर ते दगड इतक्या मानाने वाचतात, तर मान द्यायची रीत हीच असणार, असं मास्टरजींनी धरलं होतं. फादरांनी सवयीप्रमाणे तळ आधी वाचला. वरच्या ओळींपर्यंत ते गेलेच नाहीत. न्हाव्याच्या खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडले.

मग डोळे पुसून म्हणाले, "मास्टरजी, ये बीच में जगह खाली है."

"वो बाद में भर देंगे," मास्टरजी म्हणाले, "इन्शाल्ला."

त्यावर सगळ्यांत जास्त फादरच हसले.

काही वर्षांनी ते वसईत वारल्याचं कळलं. सुट्टीत मी त्यांच्या घरी गेले. भाऊ शेवटपर्यंत फारसे बोलले नव्हते म्हणे, पण खोली दिली होती. भावजयीने कपाटातून निळी घडी काढली. "हे पलंगासमोर लावलेलं असायचं. अर्धवट दिसतंय, म्हणून थडग्याच्या दगडावर घालायचं की नाही ते कळेना." मी ती मागून घेतली.

मास्टरजी मुसफ्फातच होते, फादरांनी लावून दिलेल्या जागी. मी कापड मशीनवर ठेवलं. त्यांनी ते ओळखलं. मोकळ्या जागेवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं, चष्मा काढून पुसला.

"कितने?"

"बासठ," मी म्हटलं.

त्यांनी खालचा ड्रॉवर उघडून पिवळ्या धाग्याचं एक जुनं रीळ काढलं. "इसी के लिए रखा था," म्हणाले आणि सुईत धागा ओवू लागले.