बूट काढा, पाय दाखवा

पट्ट्या बांधणाऱ्या बाईकडे किस्से साचतातच. मी खाली मान घालून जखम धूत असते आणि समोरचा माणूस आपण काय करून बसलो ते सांगून टाकतो. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत मी लोणावळ्याच्या एका दवाखान्यात नर्स होते. आमच्या डॉक्टरांकडे मधुमेहाचे पेशंट बरेच. या दुखण्यात पायाची जाणीव जाते, जखम कळत नाही, चिघळली की पाय कापावा लागतो. म्हणून पाय रोज बघा, अनवाणी चालू नका, एवढंच आम्ही सांगायचो. तेवढंही कुणी ऐकत नसे. लोक हे किस्से ऐकून हसतात. माझं डोकं अजून तापतं.

•

रेल्वेतून रिटायर झालेले एक गार्डसाहेब होते. पावसाळ्यात पाय गार पडले म्हणून शेगडीला पाय लावून पेपर वाचत बसले. थोड्या वेळानं त्यांनीच बायकोला हाक मारून विचारलं, काय करपलंय? करपला होता त्यांचा तळवा!

जळलेली कातडी काढताना मी चिडून म्हणाले, "इतकी वर्षं गाडी सांभाळलीत, मग पाय कोण तपासणार?"

"तपासणी गार्डकडे नसते," ते शांतपणे म्हणाले. "ते काम चाकं ठोकून बघणाऱ्या कॅरेजवाल्यांचं."

•

तळेगावचे एक मास्तर खोकल्याचं औषध न्यायला आले. मधुमेह जुना, म्हणून मी बूट काढायला सांगितले. परक्या बाईला पाय दाखवणार नाही, म्हणाले. शेवटी डॉक्टर उठून आले, तर उजवा बूट निघेना. तळाचा खिळा वर येऊन टाचेत रुतला होता आणि मास्तर तसेच स्टेशनवरून चालत आले होते.

खिळा निघाल्यावर त्यांनी तो चिमटीत धरून नीट पाहिला. "बूट शिवणाराच हलगर्जी," म्हणाले. आठ दिवस मोजे काढले नव्हते, त्याबद्दल अवाक्षर नाही.

•

वलवणच्या एका मावशींच्या अंगठ्याला फोड आला होता. रोज तळवे बघायचे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, असं मी त्यांच्या सुनेला दोनदा समजावलं. आठवड्यानं जखम दुप्पट. मी त्या पोरीवर इतकी ओरडले की ती रडायलाच लागली.

"मी रोज बगाया जाते बाई," ती म्हणाली. "आत्याबाई पाय पोटाशी घेत्यात. म्हनत्यात, पाया पडायचं सोडून पाय काय बगतीस?"

मी चुकीच्या माणसावर राग काढला होता. मग मावशींना मी हुकूमच दिला. सून सकाळ-संध्याकाळ पाया पडेल आणि तिचं समाधान होईपर्यंत पाय सोडणार नाही. हे मात्र मावशींना एकदम पटलं. अंगठा वाचला.

•

लोहगडवाडीच्या आबांचा पाय नाही वाचला. पायाला कुरूप झालं, ते त्यांनी घरीच विळ्यानं तासलं आणि वर हळद दाबून महिनाभर शेतात हिंडले. आले तेव्हा पायाचा वास दारापर्यंत येत होता. बाकावर बसलेल्या सगळ्या पेशंटसमोर डॉक्टर त्यांच्यावर कडाडले, "आबा, बैलाचा खूर तरी असा कापाल का?" पुढं पुण्याला त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला.

काही महिन्यांनी आबा कुबडीवर आले, उरलेला दुसरा पाय दाखवायला. डॉक्टरांना स्वतःलाही मधुमेह होता, ते रोज इन्सुलिन टोचून घेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पाय बघू द्या म्हणून मी त्यांच्या मागं लागले होते, पण मला शिकवू नका म्हणून ते मला गप्प करायचे. त्या दिवशी ते लंगडत होते. आबांनी ते पाहिलं आणि पाय स्टुलावर ठेवायला ते बसलेच नाहीत.

"डाक्टर, आदी तुमचा बूट काढा."

काही झालेलं नाही, असं म्हणत डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला बोलावलं. तो उठला नाही. बाकावरचं कुणीच उठलं नाही. शेवटी डॉक्टर खुर्चीत बसले आणि त्यांनी बूट काढला. मोजा करंगळीला चिकटला होता. मी तो पाण्यानं भिजवून सोडवला. करंगळी काळी पडली होती.

आबांनी कुबडी भिंतीला टेकवली आणि ते बाकावर बसले.

"मला वरडला व्हता, तसं आता सोताला वरडा," ते म्हणाले. "आमी ऐकतो."