अस्तराचा दंड

किस्से मुद्दाम कोणी साठवत नाही. कपाशीच्या वाळल्या पराटीसारखे ते घरामागे नुसते पडत जातात आणि जळणाला काढायची वेळ आली की कळतं, केवढा ढीग झाला होता! आमच्या टेबलाचे किस्से मी आता काढतोय, कारण टेबलावर दोन महिने झाले चादर टाकलेली आहे. वानखडे भाऊ येत नाहीत आणि त्यांच्याशिवाय ती चादर ओढायची हिंमत कोणाला होत नाही.

टेबल अमरावतीत, गावंडेच्या कृषी केंद्राच्या माडीवर. खाली बियाणं आणि फवारणीची औषधं, वर रविवारी सकाळी आम्ही चौघं. अंगठ्याएवढे सैनिक मांडायचे, फासे टाकायचे, टेपनं अंतर मोजून लढाई खेळायची आणि हरलो की टेप खोटा म्हणायचं! मी कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवतो. इंगोले मॅडम अकोल्याच्या एका कॉलेजात लायब्ररी सांभाळतात, गाडीनं येतात. वानखडे भाऊ पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून रिटायर झालेले. लढाईत त्यांना फारसा रस नव्हता. त्यांना टेबलावर गाव उभं करायचं होतं, लढाईत पडझड झालेलं, बारा घरांचं.

ही पडकी घरं ऑनलाइन मिळतात, वीतभर उंचीची. कारखान्यातूनच करडा प्रायमर मारून येतात, आपण फक्त रंगवायची.

* * *

पहिल्या घराचा खोका कुरियरवाल्यानं हलवून पाहिला. आत फुटल्यासारखं खडखडलं.

"काका, माल फुटेल दिसते. परत नेऊ काय?"

"नाही बाप्पा," भाऊ म्हणाले, "फुटेलच बलावला हाय."

त्यानं सही घेतली आणि जाताना गावंडेला बाजूला घेऊन विचारलं, "यायची तब्येत बरी हाय ना?"

पण पुढच्या एका घराची भिंत वाटेत खरंच तुटली! गावंडेनं फोटो काढून कंपनीला तक्रार केली. दोन दिवसांनी उत्तर आलं, "आपण पाठवलेला फोटो जाहिरातीतल्या फोटोशी तपासला. जाहिरातीतलं घर जास्त तुटलेलं आहे. आपली नेमकी तक्रार काय?"

* * *

वानखडे वहिनींनी एकदा गच्चीवरून शेजारणीला सहज सांगितलं, "यायनं आज दोन घरं घेतले."

संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं. भाऊंचा सख्खा भाऊ रुसला, साडू भेटायला आला. तिसऱ्या दिवशी एक प्लॉटचा दलालच दारात! "वानखडे साहेब, जय भीम! कोणत्या लेआउटमदे घेतले?"

भाऊंनी आतून दोन्ही घरं आणली आणि तळहातावर ठेवून दाखवली. दलालानं चष्मा लावला. खालून पाहिलं, वरून पाहिलं.

"रस्ता किती फुटाचा हाय?" म्हणाला!

* * *

'प्रायमर' हा शब्द भाऊंना चालायचा नाही. ते घर रंगवणाऱ्यांचा शब्द वापरायचे, अस्तर. एकदा गावंडेनं खोक्यातून काढलेलं घर तसंच टेबलावर ठेवलं. म्हणे, झालं, सिमेंटचं आहे!

"हे अस्तर हाय," भाऊ म्हणाले. "अस्तर म्हणजे रंग नाही बे. अस्तर म्हणजे वायदा."

त्या दिवशी नियम झाला. नुसत्या अस्तराचं घर टेबलावर ठेवील त्यानं सगळ्यांना गिला वडा खाऊ घालायचा. गावंडेला हा दंड इतक्यांदा झाला की वडेवाला त्याला पाहिलं की चार प्लेटा लावायला घ्यायचा. भाऊंना कधीच झाला नाही. मे महिन्यात इथे ब्रशवरचा रंग भिंतीला लागायच्या आधीच वाळतो. कूलर लावला तर आणखी लवकर! भाऊ पहाटे उठून ओला पंचा डोक्यावर घेऊन रंगवत. नखाएवढ्या दाराला कडी, कडीखाली हात लागून झालेला मळका डाग. असं काम आम्हा तिघांपैकी कोणाच्यानं जन्मात झालं नसतं.

* * *

भाऊंनी रंगवून आणलेल्या आठव्या घराची कौलं हिरवी निघाली.

"भाऊ, शेवाळ काय?" गावंडेनं विचारलं आणि स्वतःच हसला.

भाऊ हसले नाहीत. घर खिडकीजवळ नेलं, डोळ्यांशी धरलं, परत आणून ठेवलं. "हो. शेवाळच हाय," म्हणाले. गावंडेचं तोंड एवढंसं झालं. त्यानंतर दिवसभर कोणाचा फासा धड पडला नाही.

* * *

मॅडमनी त्यांना अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. साखरेनं दोन्ही डोळ्यांचे पडदे गेले होते. इंजेक्शनं देऊ, आहे ते टिकवायचा प्रयत्न करू, पण गेलेलं येणार नाही, डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं.

भाऊंनी एकच विचारलं. "डॉक्टरसाहेब, चार घरं राह्यले. तेवढे होतीन काय माह्या हातानं?"

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "काका, या वयात बांधकाम कायले काढलं? ठेकेदाराले देऊन टाका ना!"

मॅडमनी हा किस्सा आम्हाला सांगितला तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. मग मॅडम रडायला लागल्या.

* * *

नववं, दहावं, अकरावं घर भाऊंनी रंगवलं. कसं ते विचारू नका. खिडकीचा रंग भिंतीवर, दाराचा जोत्यावर. भाऊ विचारायचे, "कसं झालं?" आणि आम्ही तिघं एका सुरात म्हणायचो, "एक नंबर, भाऊ!"

आम्हाला वाटायचं, यात काय पाप आहे? गाव पुरं व्हावं एवढीच त्यांची इच्छा होती. ती मोडायची आमची छाती नव्हती.

शहाणपणा त्याच्याही पुढचा केला. मॅडम घरं पिशवीत घालून अकोल्याला न्यायच्या, आठवडाभरात नीट रंगवून परत आणून ठेवायच्या. भाऊंना काय दिसणार होतं?

अकरावं घर परत आलं त्या रविवारी भाऊंनी ते हातात घेतलं. अंगठा भिंतीवरून फिरवला, मग दारावरून, मग पुन्हा भिंतीवरून.

"थर जाड झाला," म्हणाले.

"दमट हवेनं, भाऊ," मी म्हणालो. गणिताचा माणूस मी. त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही.

"असंन," भाऊ म्हणाले आणि घर जागेवर ठेवलं. बरोबर जागेवर, बोटांनी चाचपून.

* * *

बारावं घर त्यांनी पोळ्याच्या आधीच्या रविवारी आणलं. वहिनी ऑटोनं सोडून गेल्या. जिना ते भिंतीला हात लावून एकटेच चढले. रुमालाची गाठ सोडली, घर टेबलाच्या मधोमध ठेवलं.

"घ्या. झालं माहं गाव."

आम्ही पाहिलं. घर खोक्यातून निघतं तसंच होतं. भिंती करड्या, दार करडं, कौलं करडी. रंगाची डबी समजून पाण्यातच ब्रश बुडवला असेल आणि आठ-पंधरा दिवस घरावरून पाणीच फिरवलं असेल, असं माझ्या मनात आलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी गावंडेकडे पाहिलं.

"कसं झालं?" भाऊंनी विचारलं.

"कौलं किती छान उतरले भाऊ," मॅडम म्हणाल्या. "जुने वाटून राहिले अगदी."

"अन् दाराचा निळा!" गावंडे म्हणाला. "असा निळा तुमी याच्याआधी काढलाच नव्हता!"

भाऊंनी मान माझ्या दिशेनं वळवली. "अन् सर, तुमी?"

"भिंतीवर ऊन पडल्यासारखं दिसते, भाऊ," मी म्हणालो.

भाऊंनी मान हलवली. खुर्ची चाचपत मागे ओढली, बसले. रुमालाची घडी केली, खिशात ठेवली.

"गावंडे," ते म्हणाले, "खाली जाऊन गिला वडा सांग. चार प्लेट. आज दंड माहा हाय."